भिंतीपलीकडचं संत्रं

आमच्या भिंतीपलीकडच्या काकांच्या तावडीतून सबंध टाउनशिपमधलं एकही झाड सुटलेलं नाही. हे मी रागाने म्हणत नाही; म्हणजे तेव्हा रागाने म्हणत होते, आता सवयीने म्हणते. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत ओळीने क्वार्टर्स, प्रत्येक क्वार्टरला मागेपुढे थोडी जागा, आणि प्रत्येक जागेत कुणी ना कुणी काहीतरी लावलेलं. त्यातलं कुठलंही रोप घ्या, साहेबांच्या बंगल्यातलं असो की आमच्यासारख्यांचं, एक ना एक दिवस काकांनी ते खुरप्याने अलगद उचकटून, माती झटकून, उलटं धरून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलेलं असणारच. लोक फूल बघतात, फळ बघतात, फार तर पान बघतात. काका मुळं बघत. बघून झालं की "हं" म्हणत आणि रोप परत खोचून ठेवत. त्यातली निम्मी जगत. उरलेल्या निम्म्यांबद्दल काकांचं म्हणणं असं, की ती तशीही जाणारच होती.

माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. लग्न होऊन मी मेढ्याहून भोपाळला आले त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बरोबर माहेरचा मोगरा आणला होता, पत्र्याच्या डब्यात, सगळा प्रवास मांडीवर धरून. तो मागच्या अंगणात लावला आणि रोज सकाळी उठून त्याच्याकडे बघत उभं राहणं एवढंच माझं त्या गावातलं काम होतं. कारण हे सकाळच्या पाळीला गेले की दुपारपर्यंत माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नसे, आणि हिंदीला माझी जीभ वळत नसे. एके दिवशी दार उघडते तो काय, कमरेएवढ्या भिंतीवरून अर्धे आमच्याकडे वाकलेले एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ, अंगात बुशशर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि हातात माझा मोगरा. उलटा. मी जमेल तेवढ्या हिंदीत त्यांना चोर ठरवलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुमच्याकडची माती तांबडी वाटते," ते मराठीत म्हणाले, "अन् ही आमची काळी. आता महिनाभर हे पान काढणार नाही, घाबरू नका. नव्या जागेत आलं ना, तर आधी खाली चाचपून पाहून राहिलं, कुठे काय मिळते ते. वर पाहायला त्याला फुरसत नाही." एवढं बोलून त्यांनी मोगरा खोचला, माती दाबली आणि गेले. ओळख नाही, पाळख नाही, माफी तर नाहीच नाही. मी दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी यांना सगळं तावातावाने सांगायला लागले आणि "नव्या जागेत आलं ना" इथपर्यंत आल्यावर मला रडूच कोसळलं. हे घाबरले. त्यांना वाटलं मोगरा मेला.

काका कारखान्यात तपासणी विभागात होते. मोठाली यंत्रं तयार होऊन बाहेर पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जात. "वरचा रंग पाहून मशीन पास करायची नसते," हे त्यांचं तिथलं ब्रीद होतं, आणि घरी येताना ते फाटकावर ठेवून यावं एवढं साधं त्यांना कधी जमलं नाही. घरी ते पालकाची जुडी उलटी धरत, पाहुण्यांच्या चपला उलट्या करून टाच कुठून झिजलीय ते बघत, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की आता या माणसाला खालून कसं बघावं या विचाराने बेचैन होत. बेचैन हासुद्धा त्यांच्या बाबतीत फारच आळशी शब्द आहे. काका बसत नसत. चहा येरझाऱ्या घालत पीत, पेपर उभ्याने वाचत, जेवता जेवता दोनदा हात तसाच घेऊन मागच्या दारी जाऊन येत. त्यांच्या पुढच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती, लग्नात मिळालेली. आमच्या डोळ्यांदेखत आमच्या घरच्या दोन खुर्च्यांचे वेत फाटून नवे विणून झाले, त्यांची खुर्ची मात्र दुकानातून आणल्यासारखी टकटकीत. स्कूटरच्या डिकीत स्टेपनीच्या अवजारांऐवजी खुरपं, पाण्याची बाटली आणि जुने पेपर. एकदा शाहपुऱ्याला कुणाकडे मुंज होती, हे त्यांच्या मागे बसून गेले. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांच्या कडेने जाताना काकांना म्हणे तेलकट मातीत उगवलेला एक धोत्रा दिसला. मग पुढच्या वळणावर तसाच दुसरा, पण बिनतेलाच्या मातीतला. दोघांची मुळं शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पुढे जाणं शक्यच नव्हतं. हे दोघं पोचले तेव्हा मुंजमुलगा झोपला होता आणि जिलबी संपली होती. हे आजही मधूनच ती जिलबी काढतात.

मागच्या अंगणात भिंतीला लागून त्यांचे बारा डबे होते, वनस्पती तुपाचे, रिकामे. एकात कारखान्यातल्या ओतशाळेची वापरलेली वाळू, एकात काळी माती, एकात मुरूम, एकात निव्वळ शेणखत, आणि बाकीच्यांत या सगळ्यांच्या मिसळी. बारा डब्यांत एकाच पुडीतली मेथी. मेथी बोटभर वर आली की काका रविवारी सगळ्यांना उपटून वर्तमानपत्रावर ओळीने निजवत आणि मला भिंतीवरून हाक मारत. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चिडणं विसरले. शेणखतातली मेथी वर ऐटीत, हिरवीगार, आणि खाली मूळ म्हणजे नुसता शेपटीचा तुकडा. वाळूतली बिचारी वर चार जाड चिमुकली पानं धरून होती, पण खाली तिने पांढरं सुताचं रीळ सोडावं तसं मूळ सोडलं होतं, डब्याचा तळ गाठून परत वर वळलेलं. "झाडाला पाय नाहीत म्हणून लोकांना वाटते ते गप उभं आहे," काका म्हणाले. "गप कुठे आहे? जागा बदलता येत नाही, तर स्वतःला बदलून राहिलं ते. सारखं. आपण दोन मिनिटं दुसरीकडे पाहिलं, की तेवढ्यात याचं काहीतरी ठरलेलं असते." मला त्या क्षणी वाटून गेलं की हा माणूस बसत नाही त्याचं कारण हे असावं. त्याचं काहीतरी हुकेल अशी त्याला भीती वाटत असावी.

मग घेवड्याचा प्रयोग. घेवड्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी येतात आणि त्या गाठींतून झाड आपलं खत आपणच करून घेतं, हे मला काकांनी दाखवलं. आणि त्याच घेवड्याला युरिया घातला की गाठी येतच नाहीत, हेही. झालं, त्या दिवसापासून काकांना माणसं ओळखायची किल्लीच सापडली. वरच्या साहेबांच्या मुलाला तीन शिकवण्या लावूनही तो बारावीला आपटला तेव्हा काका म्हणाले, युरिया. मराठी मंडळाच्या गणपतीत आयतं भाषण लिहून आणणाऱ्या चिटणिसांना त्यांनी तोंडावर युरिया म्हटलं. आमच्या यांना सासऱ्यांनी स्कूटर द्यायचं काढलं तेव्हा काका दोन दिवस आमच्याकडे असे बघत होते, की शेवटी यांनी ती नाकारली. मी महिनाभर काकांशी बोलले नाही, सायकलवर डबलसीट बसून बाजारात जाणं काय असतं ते त्यांना काय माहीत.

टाउनशिपमध्ये दर हिवाळ्यात बागांची स्पर्धा असे. एका वर्षी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं आणि काकांना परीक्षक केलं. बाकीचे दोन परीक्षक वहीत गुण लिहीत पुढे गेले. काका एका बड्या साहेबांच्या बंगल्यात डेलियासमोर थांबले. ताटाएवढी फुलं, वर्षानुवर्षं पहिला नंबर. साहेबांच्या मिसेस चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो डेलिया काकांच्या हातात लोंबत होता आणि काका त्यांना समजावून सांगत होते, की बाई, वरच्या फुलांवर जाऊ नका, खाली यात काही दम नाही, याला तुम्ही इतकं खाऊ घातलंय की याला मुळं करायची गरजच वाटली नाही. हे सगळं शुद्ध हिंदीत आणि अत्यंत कळकळीने. त्या बाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि आत गेल्या. त्यानंतर काकांना परीक्षक सोडाच, प्रेक्षक म्हणूनही बोलावलं नाही. काकूंनी माफी म्हणून त्या बाईंकडे लाडू करून पाठवले, ते परत आले.

आता काकूंविषयी सांगायलाच हवं, कारण काकांच्या साऱ्या कहाणीत अडकलेला जीव होता तो काकूंचा, आणि तो अडकला होता एका संत्र्यात. काकूंचं माहेर काटोलजवळ, संत्र्याच्या बागा असलेलं. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना हे क्वार्टर मिळालं तेव्हा त्यांनी माहेरून संत्र्याचं एक कलम आणून मागच्या अंगणात लावलं, नेमकं आमच्या भिंतीला लागून. त्यांचे थोरले भाऊ तेव्हाच हसले होते, भोपाळात काय संत्रं होते म्हणाले. आणि मग दर हिवाळ्यात काटोलहून ओळखीच्या कंडक्टरबरोबर एक लाकडी पेटी येई, गवतात घातलेली संत्री, आणि वर भावाची चिठ्ठी: तुझ्या झाडाची पेटी केव्हा पाठवून राहिली? चिठ्ठी थट्टेची, पण काकू ती दोनदा वाचत आणि पिठाच्या डब्यामागे ठेवत. झाड वाढलं, पुरुषभर झालं, त्याच्यावर चिमण्या घरटी करायला लागल्या, पण फूल नाही. काकूंची इच्छा अगदी एवढीशी होती. क्वार्टर सुटायच्या आत या झाडाचं एक, एक तरी संत्रं माहेरी पाठवायचं. काकांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा हे मला पहिल्यांदा काकूंनी सांगितलं, तेही लाजत, जणू आपण काही जास्तच मागतोय.

त्या झाडापुरतं काकांना खुरपं लावायची बंदी होती. ही एकच अट काकूंनी आयुष्यात घातली आणि काकांनी पाळली. पण फळ का येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. हे झाड सुखात आहे, ते म्हणत, आणि सुखातलं झाड नुसती पानं काढतं. काटोलला बागवाले काय करतात? थंडीत पाणी तोडतात, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उघडी पाडतात, झाडाला ताण देतात. झाड मलूल होतं, पानं वळतात, त्याला वाटतं आपलं काही खरं नाही. मग मुळं झाकायची, खत घालायचं, पाणी सोडायचं, की अंगभर फूल. याला बहार धरणं म्हणतात. काकूंना हे का माहीत नव्हतं? त्या तर त्यातच वाढलेल्या. पण बागेतली झाडं वेगळी आणि दारातलं झाड वेगळं. काकांनी मार्गशीर्ष लागताच पाणी बंद केल्याचं जाहीर केलं आणि काकू हो म्हणाल्या.

पहिल्या हिवाळ्यात झाड मलूल झालं नाही. दुसऱ्या हिवाळ्यातही नाही. तिसऱ्या हिवाळ्यात दोन महिने पाण्याचा थेंब नाही आणि झाड तजेलदार. काकांच्या येरझाऱ्या आमच्या भिंतीपलीकडून पहाटेपासून ऐकू यायला लागल्या. मग त्यांनी त्यावर एक सिद्धांत बसवला: या झाडाने ताण ओळखून मुळं सरळ खाली, पार खडकापर्यंत नेली आहेत. झाडाच्या हुशारीवर ते कारखान्यात, बँकेत, दूध केंद्राच्या रांगेत बोलले. मी ऐकत असे आणि काहीतरी कामाचं निमित्त काढून आत जात असे. कारण काका कामावर गेले की काकू तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, भांड्यातलं खरकटं पाणी त्या झाडाच्या मुळाशी ओतत. माझ्यासमोर. आणि खोटं कशाला बोलू, भिंतीवरून माझंही धुवण त्यात पडत असे. त्यांनी मला ओत म्हणून सांगितलं नव्हतं. पण रोज दुपारी एक बाई गुपचूप पातेलं घेऊन झाडाशी उभी राहते आणि मी भिंतीच्या या बाजूला धुवण मोरीत ओतते, हे काही मला बरं वाटेना.

चौथा हिवाळा शेवटचा होता. पुढच्या दिवाळीत काका निवृत्त होणार, क्वार्टर सोडणार. त्यांनी काकूंसमोर उभं राहून रीतसर परवानगी मागितली: वरची चार बोटं माती काढतो, एकही मूळ तोडत नाही. काकूंनी पदराचा काठ चाळत होकाराची मान हलवली. रविवार होता. मी भिंतीशी उभी, काकू मागच्या पायरीवर. काकांनी खुरपं बाजूला ठेवलं आणि हातांनीच माती बाजूला केली, लहान मुलाच्या डोक्यावरची टोपी काढावी तशी. तिन्ही बाजूंना कोरडी ढेकळं आणि दोरीएवढी दोन-चार मुळं. आणि आमच्या भिंतीच्या बाजूला, नेमकं धुवण पडे तिथे, चार बोटांखाली पांढऱ्या बारीक मुळांची गादी, हाताला ओलसर. सगळं झाड त्या एका बाजूला हात पसरून बसलं होतं. काका ती गादी बघत राहिले. मग त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी काकूंकडे. शोधून काढायला त्यांना कुणाला काही विचारावंच लागलं नाही.

"तीन वर्षं?" एवढंच त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "माझ्या दारात कोणी उपाशी नाही राहणार."

मला वाटलं आता भांडण होतंय. पण काकांनी माती परत जागच्या जागी लोटली, तळव्याने थापटली, हात न धुता बाहेर पडले आणि टाउनशिपला चक्कर मारायला गेले. एक नाही, अंधार पडेपर्यंत किती मारल्या कुणास ठाऊक. आमचे हे बाजारातून येताना त्यांना दोन वेगवेगळ्या चौकांत भेटले. त्यानंतर ते त्या झाडाच्या वाटेला गेले नाहीत. ते वर्षही तसंच गेलं. काकू आता उघडपणे धुवण ओतत, पण पूर्वीसारख्या झाडाशी रेंगाळत नसत. आपल्याच हाताने आपलं संत्रं घालवलं हे त्यांना कळत होतं, आणि हात थांबत नव्हता, याला काय करावं.

दिवाळी झाली आणि त्यांनी क्वार्टर सोडलं. कोलार रोडला नव्याने झालेल्या एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा त्यांनी घेऊन ठेवली होती. बारा डबे रिकामे करून भंगारवाल्याला दिले. मी तेव्हा बाळंतपणासाठी मेढ्याला निघाले होते, आठवा महिना, अंगावर सूज. काकूंनी टेम्पोत बसण्याआधी भिंतीवरून माझा हात धरला आणि झाडाला पाणी घाल म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि चार दिवसांनी माहेरी निघून गेले. यांना सांगून गेले होते. पण ज्या माणसाला घरातल्या तुळशीला पाणी घालायची आठवण कॅलेंडरवर लिहून करावी लागते, त्याला कुलूपबंद क्वार्टरमधल्या झाडाची काय आठवण राहणार.

जानेवारी संपता संपता बाळाला घेऊन परत आले आणि त्याला खाली न ठेवताच आधी भिंतीशी गेले. क्वार्टर अजून कुणाला मिळालंच नव्हतं. कुणीतरी टेलिफोनची तार टाकायला नेमका झाडाच्या बुंध्याशी चर खणला होता आणि तो अर्धवट टाकून ते लोक पसार झाले होते. मुळं उघडी पडून वाऱ्यावर लटकत होती. मागचं फाटक मोडलं होतं आणि त्यातून गायी आत येऊन चराच्या कडेला बसत होत्या, सगळीकडे शेण. झाडाची पानं वळून पापडासारखी झालेली. मला वाटलं झाड गेलंच, आता पाणी घालून काय उपयोग, आणि मी त्या दिवशी जेवले नाही. त्याच आठवड्यात काकूंचा शेजारच्या दुकानातून फोन आला, झाड कसं आहे म्हणून, आणि मी छान आहे म्हणाले. त्यानंतर काही दिवसांनी भिंतींना चुन्याची पुताई करणारे आले, चर बुजवताना गायींचं शेणही मातीबरोबर आत लोटलं, ड्रम भरायला म्हणून मागचा नळ सोडला आणि तो तसाच धो धो वाहता ठेवून दुसऱ्या क्वार्टरला निघून गेले. दीड दिवस नळ वाहत होता. मी तो बंद करायला भिंतीवरून उतरायला हवं होतं. मी मुद्दाम उतरले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बाळाचे कपडे वाळत घालताना वास आला. मी भिंतीशी गेले. झाडावर पान थोडं आणि फूल जास्त होतं, पांढरं, नखाएवढं, सगळीकडे. मी कुणाला सांगितलं नाही. फूल गळतं, फळ गळतं, आणि काकूंना दोनदा आशा लावायची माझ्यात हिंमत नव्हती. पुढे त्या क्वार्टरमध्ये भिलाईहून बदलून आलेलं एक बिऱ्हाड आलं. त्यांना मी माझ्या आता बऱ्यापैकी झालेल्या हिंदीत बजावलं की बाकी सगळी बाग तुमची, हे झाड एका बाईच्या माहेरचं आहे. भली माणसं, त्यांनी ऐकलं. नऊ महिने मी भिंतीवरून फळं मोजत होते आणि रात्रंदिवस त्यांची काळजी करत होते. नोव्हेंबरात सात उरली. ती पिशवीत घालून, बाळाला यांच्याकडे सोपवून, मी बसने कोलार रोडला गेले.

काका गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. सहा पावलं इकडे, सहा तिकडे. वाळले होते. गॅलरीत एकही कुंडी नव्हती. काकूंनी पिशवीत हात घातला आणि पहिलं संत्रं हाताला लागताच त्यांना कळलं. वास घ्यायचीही गरज पडली नाही. मग मी सगळं कबूल केलं. पाणी घातलं नाही, चर, गायी, नळ, आणि फोनवरचं खोटं. काका चालायचे थांबले. ते बोटांवर मोजायला लागले: दिवाळीपासून पाणी बंद. मुळं उघडी. मग माती, खत. मग पाणी. "बरोबर आहे," ते म्हणाले, "एकही पायरी चुकली नाही." चार हिवाळे हा माणूस हेच सांगत आला होता. मला वाटलं आता ते काकूंना ऐकवणार, आणि त्यांनी ऐकवलं असतं तर त्यांचं काही चुकलंही नसतं.

काकू संत्र्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे उपाशी ठेवलं तेव्हाच लागलं."

आणि काका बसले. वेताच्या त्या खुर्चीत. मी त्यांना त्याआधी कधीही बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. "तसं नाही ना," ते काकूंना म्हणाले. "इतकी वर्षं तू घातलं, ते होतं ना त्याच्या अंगात साठवलेलं. त्या जोरावर टिकलं ते. नाहीतर एवढ्या ताणात ते मरून गेलं असतं, लागलं नसतं." काकूंनी मान वर केली. हे शास्त्रात कितपत बसतं ते मला आजही माहीत नाही. पण तपासल्याशिवाय ज्या माणसाने आयुष्यात काही पास केलं नाही, त्याने हे बसल्या जागी पास केलं होतं, आणि मी बसमध्ये सगळा रस्ता रडत परत आले.

सातातली पाच संत्री काटोलला गेली, भावाच्याच जुन्या पेटीत, गवतात घालून. चिठ्ठी आली: आंबट आहेत, पण आपलीच आहेत. ही चिठ्ठी काकूंनी पिठाच्या डब्यामागे ठेवली नाही, भिंतीवर लावली. उरलेली दोन त्यांनी आणि काकांनी खाल्ली आणि काकूंनी बिया एका डब्यात पेरल्या. त्यातली एक उगवली. बीचं संत्रं फळाला यायला आठ-दहा वर्षं लागतात हे दोघांनाही माहीत आहे, आणि काकांची साठी केव्हाच उलटली आहे. त्यावर कुणी बोलत नाही. मी अधूनमधून जाते. काका गॅलरीत सहा पावलं जातात, डब्याशी थांबतात, वाकतात. हात रोपाच्या बुंध्यापर्यंत जातो, मला माझा मोगरा आठवतो. हात मागे येतो. रोप आता तीन वर्षांचं झालंय, आणि काकांनी अजून त्याची मुळं पाहिलेली नाहीत.